उंबरठ्यावरच्या गोळ्या

दोन वर्षं मी एका गोळीला झाड समजत होते. महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारी बाई मी, रोज फळ्यावर रेणूंच्या आकृत्या काढणारी, आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी गोळी मला ओळखता आली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर तोंडसुख घेणार आहे आणि त्यात मी स्वतःला वगळलं असं कुणी म्हणू नये.

गोष्ट माझ्या ताईची आहे. ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली तेव्हा तिनं सातवीतून शाळा सोडली, घर हातात घेतलं, नंतर शेती घेतली आणि मला गोंदियाला शिकायला पाठवलं. तिनं लग्न केलं नाही. अर्जुनी मोरगावकडच्या आमच्या गावात तळ्याच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, आमची धानाची जमीन आहे. ते तळं आमच्या पूर्वजांनी बांधलं, पण ताई त्याबद्दल असं बोलते की जणू तिनंच टोपल्यांनी माती वाहिली होती.

एका वर्षी धान कापताना तिच्या पायाला विळा लागला आणि जखम भरेना. दवाखान्यात रक्त तपासलं तर साखर भरमसाट वाढलेली. डॉक्टरांनी कागदाकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं नाही. "भात बंद, गोड बंद, सकाळी जेवणाआधी एक गोळी. पुढचा." धानाच्या मुलखात एका बाईला भात बंद म्हणून सांगायचं आणि मग तिनं खायचं काय ते सांगायचं नाही, याला काय म्हणायचं? ताईनं विचारलं, "भात बंद त मी खाऊ काय?" तोवर पुढचा माणूस स्टुलावर बसला होता.

ही साखर म्हणजे काय, ती रक्तात कुठून येते, गोळी पोटात जाऊन काय करते, हे तिला कुणीही सांगितलं नाही. ते तिला बाहेरच्या रांगेतल्या बायांनी सांगितलं: गोळी एकदा धरली की मरेस्तोवर सुटत नाही, गोळीनं किडन्या जातात, डोळे जातात. आजारानं जे जातं ते सगळं त्यांनी गोळीच्या नावावर घातलं होतं. ताईनं गोळ्यांची पाकिटं घरी आणली आणि डब्यात ठेवून दिली. महिना झाला, दुसरी पाकिटं आणली, तीही ठेवली. नर्सबाई रागावू नये म्हणून ती आणत होती, खात नव्हती.

मग तिला कुणीतरी दरेकशापलीकडच्या एका वैदबुवांचं सांगितलं. पुडी देतात, साखर उतरते. मी सोबत गेले, कारण एक तर ताईची काळजी होती, आणि दुसरं म्हणजे मला पीएच.डी.साठी विषय हवा होता. हे दुसरं कारण मी तेव्हा ताईला सांगितलं नाही.

अर्जुनीहून गोंदिया, गोंदियाहून दरेकसा, आणि स्टेशनवरून रानातून तासभर पायी. घर मातीचं, स्वच्छ सारवलेलं. अंगणात सुपांमध्ये बिजाच्या झाडाची तांबूस साल आणि गुडमारीची पानं वाळत घातलेली. वैदबुवा म्हणजे सत्तरीतले एक बारीकसे गृहस्थ. घरात गोंडी बोलत, आमच्याशी मराठीत. त्यांनी ताईला समोर बसवलं आणि तासभर विचारपूस केली. तहान किती लागते, रात्री किती वेळा उठावं लागतं, काम काय करता, चिखलात किती वेळ उभ्या राहता. तिचा पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन तळव्यावर अंगठ्यानं जागोजागी दाबलं आणि कुठे कळतं, कुठे कळत नाही ते पाहिलं. शिकलेल्या डॉक्टरला जे तीन मिनिटं सुचलं नाही ते या माणसानं तासभर केलं, हे पाहून मला दवाखान्याचा असा संताप आला की मी वैदबुवांवर तिथल्या तिथे विश्वास ठेवला. रागाच्या भरात ठेवलेला विश्वास कसा असतो ते पुढे कळलं.

वैदबुवांचा एक नियम होता. "माझी दवाई घ्याची त डाक्टरची गोळी हितं ठेवून जा लागते. दोन दवाया एका पोटात भांडतेत." दाराशी कोनाड्यात एक पत्र्याचा डबा होता. जो येई तो उंबरठ्याशी वाकून आपली पाकिटं त्यात टाकी आणि मगच आत येई. दर महिन्याला नवी पुडी न्यायला आलं की नवी पाकिटं पुन्हा टाकायची. ताईनं घरच्या डब्यातली सगळी पाकिटं आणली होती. तिनं ती हात जोडून ठेवली.

वैदबुवांची सून तिशीतली, बारावी शिकलेली. तिनं ताईची पाकिटं उचलून पाहिली, दवाखान्याचा कागद मागून वाचला आणि विचारलं, "सकाळी एकच ना, मावशी?" ताई म्हणाली, "एकच लिहिली हाये, पण मी खात नाई." सून उठली. मागच्या खोलीत गेली आणि बऱ्याच वेळानं पुड्या घेऊन आली. रोजची एक अशा तीस पुड्या, हिरव्या दोऱ्यानं बांधलेल्या. आढ्याला आणखी जुडगे टांगलेले होते, कुणाचा दोरा लाल, कुणाचा काळा. मला ते फार नीटनेटकं वाटलं. सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि मला फक्त दोऱ्यांचे रंग दिसले.

दरेकशाच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना मी शहाणपणा केला. ताईला म्हटलं, पुडी घे, पण गोळीही घे. गोळ्या मी गोंदियाच्या दुकानातून आणून देते. ती म्हणाली, "अवो, मी उंबरठ्यावर ठेवून आली ना." मी म्हटलं, वैदबुवांना कोण सांगायला जातंय? झाडपाल्यानं अपाय तर होत नाही. दोन्ही घेतलेलं बरं. ती तयार होईना. शेवटी मी तिला माझी शपथ घातली. वैदबुवांपुढे जोडलेले हात तिनं माझ्यासाठी खोटे केले. "तू म्हनतेस म्हनून," ती म्हणाली, आणि पुढे कधी कुरकुरली नाही.

तिची साखर उतरली. जखम भरली. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "एका गोळीत इतकी उतरली?" आणि मी मनातल्या मनात हसले. गोळीचं काय घेऊन बसलात, म्हटलं, जंगल आहे आमच्याकडे.

मी ताईच्या काही पुड्या गोंदियाच्या आमच्या महाविद्यालयात नेल्या. आमच्या मार्गदर्शक सरांच्या हाताखाली माझं पीएच.डी.चं संशोधन चाललं होतं. साखर उतरवणारी संयुगं वनस्पतींतून वेगळी काढायची आणि मग त्यांच्या धर्तीवर प्रयोगशाळेत नवी घडवायची, हा सरांचा आवडता विषय. साखर वाढवलेल्या उंदरांना पुडीचा अर्क दिला आणि त्यांची साखर भराभर खाली आली. सर खुर्चीतून उठून उभे राहिले. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी पारंपरिक ज्ञान, पारंपरिक ज्ञान असा जप सुरू झाला.

त्यांनी एक चर्चासत्र भरवलं. वैदबुवांना बोलावून शाल आणि श्रीफळ दिलं, पाठीमागच्या फलकाशी उभं करून फोटो काढला आणि मग रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवर बसवलं. सरांनी पाहुण्यांना गुडमारीचं एकेक पान चावायला दिलं आणि वर गूळ दिला. पान चावलं की जिभेला गूळ मातीसारखा लागतो. मोठमोठी माणसं लहान मुलांसारखी हसली, टाळ्या वाजल्या. वैदबुवांना कुणी एक शब्द बोलायला सांगितलं नाही. मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेले तेव्हा ते म्हणाले, "ह्या पानानं जीभ फसते, रगत नाई फसत. तुमचे साहेब जिभेवरच खूश होऊन राहिले." हे मी सरांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

आता एक गोष्ट अशी झाली की कुठल्याही शहाण्या माणसाला तिथेच संशय आला असता. मी स्वतः वैदबुवांबरोबर रानात जाऊन साल काढली, पानं तोडली, त्यांनी सांगितलेल्या मापानं घरी वाळवून दळली. माझ्या पुडीनं उंदरांची साखर नावापुरती हलली. सर म्हणाले, ऋतूचा फरक असेल. वैदबुवा म्हणाले, "हाताचा फरक हाये." वैदबुवांशी हे बोलणं सुनेच्या देखत चाललं होतं. ती एकदम उठली आणि घागर घेऊन पाण्याला गेली. मला वाटलं, पुड्या तीच बांधते म्हणून लाजली. जे मला पटवून घ्यायचं होतं ते मी पटवून घेतलं: झाड तेच असलं तरी हात तो नाही. विज्ञान शिकवणारी बाई हातगुणावर विश्वास ठेवून मोकळी झाली.

त्या दोन वर्षांत ताई मला फोनवर अधूनमधून सांगायची, सकाळी कामाला लागलं की हात कापतात, घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. मग काहीतरी खाल्लं की बरं वाटतं. साखर फार उतरली की असंच होतं, हे मला ठाऊक होतं. आणि मी काय केलं? वहीत लिहून ठेवलं. पुडीचा गुण किती जबर आहे याचा तो मला पुरावा वाटला. माझी बहीण थरथरत होती आणि मी खूश होत होते.

शेवटी पुडीच्या अर्कातून एक पांढरी भुकटी वेगळी निघाली. तिचे नाजूक स्फटिक काचेच्या तळाशी चमकत होते, आणि उंदरांची साखर नेमकी त्यांनीच उतरत होती. सरांनी पेढे वाटले. साखर उतरवणाऱ्या रेणूच्या आनंदात पेढे. मीही दोन खाल्ले. या रेणूला कुठे नवा गट जोडला म्हणजे गुण वाढेल, पुढे त्याची कृत्रिम भावंडं कशी बनवायची, याचे आराखडे मी कागदावर काढू लागले. स्फटिक नागपूरला तपासायला पाठवले.

अहवाल एका सोमवारी आला. रेणूत क्लोरीन असला की अहवालात दोन रेघा शेजारी शेजारी उमटतात, एक उंच आणि एक तिच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. तशा रेघा माझ्यासमोर होत्या. रानातलं झाड सहसा क्लोरीनच्या वाटेला जात नाही. जोडीला गंधकही होतं. वजन पाहिलं, पुस्तक उघडलं, आणि दहा मिनिटांत कळलं. ग्लिबेनक्लामाइड. पन्नासएक वर्षं कारखान्यांतून पोत्यांनी बाहेर पडणारं साखरेवरचं औषध. त्याच आठवड्यात ताईला द्यायची पाकिटं माझ्या पर्समध्ये होती. त्यातली एक गोळी मी कुटली, आमच्या स्फटिकांच्या शेजारी तिचा ठिपका ठेवून चाचणी लावली. दिव्याखाली दोन्ही ठिपके एकाच उंचीवर उभे होते, म्हणजे पदार्थ एकच होता.

सरांनी अहवाल खणात ठेवला. मग म्हणाले, "कुणाला बोलू नका. आपल्याच भांड्यातून आलं असेल. नमुना पुन्हा पाठवू." भांड्यातून आलेलं नाही हे त्यांनाही कळत होतं. मी मान हलवली. मला सरांचा राग यायला हवा होता, पण खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. आणखी थोडे दिवस माझी दोन वर्षं जिवंत राहणार होती.

बुधवारी ताईचा फोन आला. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला होता. पहाटेच बांधीत, म्हणजे धानाच्या चिखलात, उतरायचं आणि वाकून वाकून रोपांचे परे लावायचे, दुपार झाल्याशिवाय जेवायला वर यायचं नाही. "हात लय कापते," ती म्हणाली, "पुडी मस्त लागू पडून राहिली." पुडीत काय आहे हे मला दोन दिवसांपासून माहीत होतं. तिच्या पोटात रोज एकाच औषधाच्या दोन गोळ्या जात होत्या, आणि त्यातली दुसरी मी स्वतः नेऊन देत होते. मला एवढंच म्हणायचं होतं: ताई, आजपासून पुडी बंद. मी म्हटलं, "जेवून जात जा."

शनिवारी ती बांधीत तोंडावर पडली. पाणी वीतभर होतं, पण पडलेल्या माणसाला बुडायला तेवढं पुरतं. शेजारच्या बायांनी तिला ओढून पाळीवर घेतलं, तोंडातला चिखल काढला, ट्रॅक्टरवर टाकून दवाखान्यात नेलं. मी दुपारी पोचले तेव्हा हाताला सलाइन लावलेलं होतं. तेच डॉक्टर मला म्हणाले, "दोन-दोन गोळ्या देत होता की काय?" ते सहज बोलून पुढच्या खाटेकडे गेले. ताईनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि मला "माय" म्हणून हाक मारली. मी कोण हे तिला संध्याकाळपर्यंत कळलं नाही. तिच्या नखांत तेव्हाही बांधीची माती होती.

ती घरी आली, उठून बसायला लागली, तशी मी दरेकशाची गाडी धरली. डोक्यात आग होती. अख्खी वाट मी मनात वाक्यं जुळवत गेले: लोकांच्या जिवाशी खेळता, झाडाच्या नावानं गोळ्या विकता, पोलिसांत देते. वैदबुवा रानात गेले होते. सून अंगणात सालीचे तुकडे खाली-वर करत होती. मी सगळी वाक्यं एका दमात तिच्यावर ओतली. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"मामाजीले ठाऊक नाई," ती सासऱ्यांबद्दल म्हणाली. "मीच टाकतो."

"काऊन?" मी कारण विचारलं.

"माझी माय बी ह्याच उंबरठ्यावर गोळ्या ठेवून गेली होती, म्याडम. जावयाचं घर, व्याह्याची दवाई, लय भरवसा. एक साल पुडी घेतलन. आंधी डोळे गेले, मंग पाय सडला. मी तिच्या पायातले किडे काढली. तिच्या गोळ्या डब्यात तशाच होत्या." ती थांबली. "लोक गोळी खात नाई. पुडी खातेत. मंग मी पुडीत टाकाले लागली. ज्याची गोळी त्याच्याच पुडीत. म्हनून त दोरे बांधतो. डाक्टरनं एक लिहिली त एक, दोन लिहिल्या त दोन. कोनाचीच जास्त नाई टाकली आजवर."

मी म्हटलं, माझी बहीण मरता मरता वाचली.

"हिरवा दोरा," ती लगेच म्हणाली. "एक पुडी, एक गोळी. मी बरोबरच टाकली होती. दुसरी कोन देल्ली?"

दुसरी देणारी मी तिच्यासमोर उभी होते. माझ्या प्रयोगशाळेत दोन वर्षांत जे जमलं नाही ते या बाईनं पाट्यावर केलं होतं: माणसाला नेमकी त्याचीच मात्रा, रोज, न चुकता. तिचंही चुकलंच होतं. माणसाला न सांगता त्याच्या पोटात औषध घालणं चूकच, ते मी आजही म्हणेन. पण ते तिला म्हणायला त्या अंगणात माझ्याइतकं नालायक दुसरं कुणी नव्हतं. मी कुठलंच वाक्य पुरं न करता परत निघाले.

घरी येऊन मी ताईला सगळं सांगितलं. गोळी म्हणजे काय, साखर म्हणजे काय, ती का पडली, अहवाल कधी आला, आणि मी बुधवारी फोनवर काय बोलले नाही. ती भिंतीला टेकून ऐकत होती. पूर्ण ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "हात कापते म्हनून मी तुले सांगत होती, तवा तू का करत होती?"

"लिहीत होते," मी म्हटलं.

"मी पडली नसती त आनखीन किती लिहित होती?"

मला रडू आलं. तिनं मला जवळ घेतलं नाही, आणि ते बरोबर होतं. "त्या पोरीनं मले न सांगता देल्ली," ती म्हणाली, "तू न सांगता पाहात राहिली. त्या डाक्टरनं त बोलाचंच नाई म्हनून ठरवलं हाये. तोंड मले बी हाये ना. मले सांगितलं असतं त मी खाल्ली नसती का गोळी?" रोज किती आणि कशी घ्यायची ते तिनं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग उठली आणि चहा ठेवला.

रोवणा संपल्यावर ती म्हणाली, चाल, दरेकशाला जाऊ. मी घाबरले. सुनेचं काय होईल, म्हटलं. ताई म्हणाली, "मी कोनाले मारून नाई राहिली. माझ्या गोळ्या घ्याले जाऊन राहिली."

वैदबुवा ओसरीवर बसले होते. ताई उंबरठ्याशी वाकली आणि डब्यात काही टाकण्याऐवजी तिनं डबाच उचलला. त्यातलं आपलं पाकीट शोधलं, एक गोळी काढली, वैदबुवांसमोरचा लोटा उचलून पाणी प्यायली आणि गोळी गिळली. "वैदबुवा," ती म्हणाली, "मी हे दोन सालापासून खाऊन राहिली. तुमच्याच पुडीतून."

दारात सून उभी होती. ती पळाली नाही. जे मला अंगणात सांगितलं होतं तेच तिनं सासऱ्याला सांगितलं, खाली मान घालून, पण एकही शब्द न गाळता. आईचंही सांगितलं. वैदबुवांचा चेहरा पाहवेना. पन्नास वर्षं ज्या सालीवर ते चालले होते ती त्यांच्या पुढ्यात सुपात वाळत होती. मी तोंड उघडणार होते, साल अगदीच वाया नाही, थोडा गुण आहे, असलं काहीतरी प्राध्यापकी. ताईनं माझा हात दाबला.

सालीचा एक तुकडा हातात घेऊन त्यांनी सुनेला विचारलं, "आन माझ्या पुडीत?"

मला तोवर माहीतच नव्हतं की त्यांनाही साखर आहे.

"तुमच्यात बी हाये, मामाजी," सून म्हणाली. "तीन साल झाले. नर्सबाईनं तुमच्या नावानं देल्लेल्या, तुमी फेकाले सांगितलेल्या."

ते उठले. ताईच्या हातातून डबा घेतला, खाली बसले आणि एकेक पाकीट बाहेर काढून ओसरीवर ओळीनं मांडलं. त्यातलं एक उचलून डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. अक्षर बारीक होतं. मग त्यांनी ते माझ्यापुढे धरलं. दोन वर्षं मी त्यांना साल, पानं, ऋतू, माप असं शंभरदा विचारलं होतं. त्यांनी मला आजवर काही विचारलं नव्हतं.

"हे जेवनाच्या आंधी घेतेत का मंग?" त्यांनी विचारलं.